विथड्रॉल रद्द करा

उंबरठा | रविवार, रात्री ११:२०

धाग्याचं नाव विचित्र वाटेल, पण त्या बटणावर अगदी हेच शब्द होते. हिरवं बटण, ठळक अक्षरं.

गेले दोन रविवार मी धाकट्या भावाच्या शेजारी बसून त्याच्या ऑनलाइन जुगाराच्या खात्याचं स्टेटमेंट एक्सेलमध्ये उतरवतोय. त्याने स्वतःहून सांगितलं नाही, सांगायची वेळ आली. पगार झाल्यावर चौथ्या दिवशी खातं रिकामं, दोन लोन ॲप, एका मित्राची उधारी. घरात ओरडाआरडा करून झाला. आई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. मग मी म्हटलं, आकडे तरी मांडू. मी अकाउंट्सचा माणूस, मला दुसरं काही येत नाही.

एकाच रात्रीचा तुकडा देतो. १०:५१ ला पहिला भरणा. ११:०४ ला दुसरा, पहिल्याच्या दुप्पट. मग दीड तास एकही भरणा नाही, नुसता खेळ. १२:३८ ला तो जिंकलाय. खरंच जिंकलाय, त्या रात्री जेवढे भरले त्याच्या चौपट. १२:४१ ला सगळे पैसे काढायची विनंती टाकली. पुढे स्टेटस काय, तर 'प्रक्रियेत'. भरताना पैसे तीन सेकंदांत जातात, काढताना '२४ ते ७२ तास'. आणि त्या अडकलेल्या रकमेच्या शेजारी ते बटण. २:१४ ला त्याने ते दाबलं. ३:०२ ला शिल्लक शून्य. ३:०५ ला नवा भरणा.

मी विचारलं, मधे तू झोपायला गेला होतास ना? तर म्हणाला, "गेलो होतो रे. पण पैसे तिथे दिसत होते."

आठवडा झाला, हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. चार महिन्यांत असे अकरा विथड्रॉल टाकलेत, त्यातले नऊ रद्द.

जुगार वाईट हे सांगायला धागा काढलेला नाही. ते धर्मराजापासून सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्या बटणाचं पडलंय. ते आपोआप उगवलेलं नाही, कुणीतरी बसवलंय. या धंद्यातलं आतलं माहीत असलेले किंवा स्वतः भोगलेले कुणी इथे असाल तर लिहा. नावानिशी लिहायचं नसेल तर व्यनि (खासगी निरोप) चालेल.


तिरकस | रविवार, रात्री ११:४८

वाचून वाईट वाटलं. पण एक बोलतो, राग मानू नका. बटण बसवलं कंपनीने, दाबलं तुमच्या भावाने. सज्ञान माणूस, स्वतःचा पगार. दारूच्या दुकानाबाहेर पाटी असते म्हणून आपण पाटीला दोष देतो का? जिंकला होता, उठून जायचं होतं.


सोनचाफा | सोमवार, रात्री १२:१५

वाचतेय.


रातकिडा | सोमवार, रात्री १:०५

तिरकसराव, १२:३८ ला जिंकल्यावर त्याला आनंद झाला असेल असं तुम्ही धरून चाललात. मी सहा वर्षं खेळलो, आता अडीच वर्षं बंद आहे, म्हणून सांगतो. पहिल्या काही महिन्यांनंतर जिंकल्याचा आनंद वगैरे काही राहत नाही. हायसं वाटतं, बस. का, तर आता अजून दोन तास बसता येईल. पैसा हा पैसा उरत नाही, गाडीतलं पेट्रोल होतो. तो घरी न्यायचा नसतोच, जाळायचा असतो. त्यामुळे 'जिंकला, आता उठ' हे बाहेरच्याला जितकं सोपं दिसतं तितकंच आतल्याला निरर्थक वाटतं. टाकी भरल्यावर कोण गाडी सोडून चालत घरी जातं?

माझी वेळ रात्रीची. सगळे झोपले की बाथरूममध्ये. कारण तिथे कडी लावता येते आणि कुणी काही विचारत नाही. ब्राइटनेस सगळ्यात खाली, आवाज बंद. पायाला मुंग्या येऊन पाय बधिर झाले की कळायचं, दीड तास गेला. नंतर नंतर तर मी स्क्रीनकडे बघायचोही नाही, अंगठा आपला चालू. एकदा बायकोने दार वाजवलं, मी "आलो, आलो" म्हटलं, आणि तेवढं म्हणेपर्यंत दोन डाव होऊन गेले होते. शपथेवर सांगतो, तोंड तिच्याशी बोलत होतं, अंगठा थांबला नव्हता.

आणि 'लॉस कव्हर' हा शब्द. आमच्यातला प्रत्येक जण हाच शब्द वापरतो. गेलेले पैसे गेले असं वाटतच नाही. ते तिथे ठेवलेत, फक्त परत आणायचेत, असं वाटतं. कव्हर झालं की बंद करणार. माझं एकदा खरंच झालं होतं कव्हर, सहा महिन्यांचं, पूर्ण. पाच दिवस टिकलं.

उंबरठा, भावाला विचारा की जिंकलेलं किती जणांना सांगितलंस आणि हरलेलं किती जणांना. किंवा राहू द्या, नका विचारू.


गणितकाका | सोमवार, सकाळी ७:३०

'९६ टक्के परतावा' असं स्लॉटवर (फिरती चित्रं जुळवायच्या खेळांवर) लिहिलेलं असतं, आणि लोकांना ते बँकेच्या व्याजासारखं वाटतं. म्हणजे शंभर घेऊन बसलो तर शेवटी शहाण्णव हातात, चार करमणुकीचे. तसं नाही. तो परतावा प्रत्येक डावावरचा आहे, तुम्ही भरलेल्या रकमेवरचा नाही. परत आलेले पैसे तुम्ही पुन्हा लावता, त्यावर पुन्हा चार टक्के कापले जातात. शंभर पूर्ण फिरवलेत की सरासरी ९६ उरतात, ते फिरवलेत की ९२. सतरा वेळा फिरवले की निम्मे, पन्नास वेळा फिरवले की तेरा. यात कुणीही कुणाला फसवलेलं नाही, सगळा व्यवहार नियमात.

आता मुख्य मुद्दा, वेगाचा. खऱ्या कॅसिनोतलं युरोपियन रूलेट घ्या. चाकावर ३७ घरं, जिंकलात तर ३५ पट, म्हणजे कॅसिनोची कड (लावलेल्या पैशांतला त्याचा सरासरी वाटा) २.७ टक्के. (अमेरिकन चाकावर शून्याचं एक घर जास्त असतं, ३८ घरं, तिथे कड ५.२६ टक्के. एक घर वाढवलं आणि कमाई जवळजवळ दुप्पट! मला ही गोष्ट दर वेळी नव्याने थक्क करते.) माणसं पैसे लावणार, गोळी फिरणार, हिशेब होणार, यात तासाला चाळीसेक डाव होतात. तुमच्याकडे शंभर आहेत आणि दर डावाला एक लावताय असं धरा. तासाभरात सरासरी एक गेला. एकच.

फोनवरच्या स्लॉटमध्ये अडीच सेकंदांना एक डाव म्हटला तरी तासाला १४४०. प्रत्येक डावाला तेवढाच एक. ४ टक्क्यांनी सत्तावन्न-अठ्ठावन्न गेले. खेळणाऱ्याची हाव तीच, डावावरची रक्कमही तीच, कड थोडी जास्त, पण खरा बदललाय तो घड्याळाचा काटा. त्यामुळे 'जुगार पूर्वीपासून आहे' हे म्हणणं बरोबर असलं तरी त्यातून काही निघत नाही. पूर्वी पत्ते पिसायलाही वेळ लागायचा.


तिरकस | सोमवार, सकाळी ९:१०

काका, गणित मान्य. पण मग क्रिकेट-फुटबॉलवर लावणाऱ्याचं काय? तिथे अभ्यास लागतो. माझा एक मित्र खरंच कमावतो.


झुंबर | सोमवार, दुपारी २:४०

तुमच्या मित्राला विचारा, त्याच्या खात्याला लिमिट लागली का. नसेल लागली तर तो कमावत नाहीये.

मी अशा एका कंपनीत तीन वर्षं डेटाचं काम केलंय. कुठल्या ते सांगणार नाही. तिथे पहिल्या महिन्यात शिकलेली गोष्ट ही की सातत्याने जिंकणारं गिऱ्हाईक कंपनीला नको असतं. काही आठवड्यांत ते ओळखू येतं (भाव पडायच्या आधी लावतो, बोनसच्या मागे लागत नाही, हरल्यावर रक्कम वाढवत नाही) आणि मग त्याला इतकी कमी रक्कम लावू देतात की तो कंटाळून जातो. भरपूर हरणाऱ्याला मात्र व्हीआयपी करतात. त्याला खासगी मॅनेजर, वाढदिवसाचा मेसेज, सामन्याची तिकिटं. तो दहा दिवस दिसला नाही की सिस्टिम खूण करते आणि फ्री स्पिन, म्हणजे फुकटचे डाव, जातात. आमच्या भाषेत याला 'परत आणणे' म्हणायचे. रातकिडा यांचा 'लॉस कव्हर' आणि आमचं 'परत आणणे' यांची भेट बहुतेक वेळा रात्री एकनंतर व्हायची. आलेख तसाच होता, एकनंतर चढता.

उंबरठा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. हो, मीटिंग झाली होती, आमच्याकडे तरी. बटण हवं की नको हा विषयच नव्हता, ते कुठे ठेवायचं हा होता. निम्म्या लोकांना ते ठळक दाखवलं, निम्म्यांना मेनूच्या आत बारीक अक्षरात. आठवड्याने आकडे आले. चर्चा दहा मिनिटंही चालली नाही. मी त्या खोलीत होतो आणि तो तक्ता मीच केला होता. त्या दिवशी मला काही वाटलं नाही, हेही लिहून ठेवतो.

'प्रक्रियेत' याचा अर्थही सांगतो. काही तपासण्या खऱ्या असतात, ओळखपत्र वगैरे. पण पैसे पाठवायला तीन दिवस लागण्याचं तांत्रिक कारण आमच्याकडे नव्हतं.

आणि खेळांवरचा सट्टा आता 'कोण जिंकणार' एवढाच राहिलेला नाही. पुढच्या चेंडूवर काय होईल, पुढचा पॉइंट कुणाचा, यावर लावता येतं. त्यामुळे पाच तासांच्या सामन्याचेही काकांच्या हिशेबातले स्लॉट झाले.


पानपलटी | सोमवार, संध्याकाळी ६:२०

या बटणाला धंद्यात नाव आहे, 'रिव्हर्स विथड्रॉल', आणि ब्रिटनने ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यावर कायमची बंदी घातली आहे. त्याच नियमांत ऑनलाइन स्लॉटचा डाव अडीच सेकंदांपेक्षा झटपट नको, आपोआप खेळत राहणारा ऑटोप्ले नको, आणि लावलेल्यापेक्षा कमी किंवा तेवढंच परत आलं तर जिंकल्यासारखे दिवे-आवाज नकोत, हेही आलं. शेवटचं नीट वाचा. वीस लावले, आठ आले, आणि स्क्रीनवर फटाके. हरलात बारा, पण मेंदूला आरती ओवाळलेली दिसते. कुणाला तरी कायदा करून हे थांबवावं लागलं, म्हणजे ते सर्रास चालू होतं.

बाकी हे सगळं इतकं पसरलं कसं, याचा थोडका इतिहास. १९९४ मध्ये अँटिग्वा आणि बारबुडा या चिमुकल्या बेटदेशाने ऑनलाइन जुगाराला परवाने द्यायला वाट मोकळी केली. तेव्हापासून पायंडा हाच आहे की कंपनी एका बेटावर, सर्व्हर दुसऱ्या देशात, गिऱ्हाईक तिसऱ्या. अमेरिकेने २००६ मध्ये बँकांमार्फत पैशाची वाट अडवायचा कायदा केला. मग मे २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरच्या सट्ट्याला रोखणारा १९९२ चा कायदा रद्द केला आणि काही वर्षांत तीसहून जास्त राज्यांनी परवानगी देऊन टाकली. काल ज्यावर बंदी होती त्याच्या जाहिराती आज सामन्याच्या मध्यंतरात. उलट इटलीने २०१८ मध्ये जुगाराच्या जाहिरातींवरच बंदी आणली. भारताने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैशाचे ऑनलाइन खेळ सरसकट बंद केले, कौशल्याचा की नशिबाचा हा जुना वाद बाजूला ठेवून. शिक्षा चालवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही.


तिरकस | सोमवार, संध्याकाळी ७:०२

आणि बंदी घातली की काय होतं? तेच लोक परवाना नसलेल्या साइटवर जातात. तिथे लिमिट नाही, तक्रार नाही, काही नाही.


कोपऱ्यातला | सोमवार, रात्री ८:१५

हे मात्र तिरकस बरोबर बोलले. माझ्या मावसभावाचं झालेलं सांगतो. मेसेजवरून कुणीतरी 'आयडी' दिला. ॲप स्टोअरवरचं ॲप नाही, लिंकवरून उतरवलेलं. सुरुवातीला छोटी रक्कम काढून पाहिली, पाच मिनिटांत खात्यात आली. विश्वास बसला. मोठी रक्कम जिंकल्यावर सांगितलं, आधी तीस टक्के कर भरा, मग सुटेल. भरला. मग 'खातं पडताळणी शुल्क'. तेही भरलं. मग चॅटच गायब. मुळात तो जुगार नव्हताच. स्क्रीनवरचे आकडे कुणीतरी नुसते टाइप करत होतं.

एवढ्यावर थांबलं नाही. मधल्या काळात त्याला म्हणाले होते, तुमचं बँक खातं काही दिवस वापरू द्या, कमिशन देतो. त्या खात्यातून इतर फसलेल्यांचे पैसे फिरले. आता खातं गोठवलंय आणि चौकशीला हाच जातोय. लक्षात ठेवा, जिंकलेल्या पैशांतून कर कापला जाऊ शकतो, पण पैसे सोडायला 'आधी भरा' कुणी म्हणालं की तिथेच थांबा.


पानपलटी | सोमवार, रात्री ८:५०

तिरकस, बंदी आणि मोकाट यांच्या मधेही रस्ते आहेत. नॉर्वेने २००७ मध्ये देशातली सगळी जुगारयंत्रं उचलून नेली. २००९ पासून नवी आणली ती सरकारी, स्वतःच्या नावाचं कार्ड घातल्याशिवाय न चालणारी, रोजची-महिन्याची मर्यादा असलेली. ब्रिटनने एप्रिल २०१९ मध्ये सट्ट्याच्या दुकानांतल्या यंत्रांवर एका डावाची कमाल रक्कम १०० पाउंडांवरून २ पाउंडांवर आणली आणि एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डाने जुगार बंद. उधारीवर खेळायचं नाही, इतकी साधी गोष्ट सुचायला किती वर्षं जावी!


मनकवडी | सोमवार, रात्री १०:३०

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. उशिरा आले.

तिरकस यांचा 'उठून जायचं होतं' हा मुद्दा आमच्या शास्त्रातही बरीच वर्षं होता. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत जुगाराचा आजार आला तो 'आवेगावर ताबा नसणे' या कप्प्यात, आग लावण्याच्या आणि चोरीच्या अनावर इच्छेच्या शेजारी. २०१३ च्या आवृत्तीत तो तिथून हलवून दारू-अफूच्या व्यसनांबरोबर ठेवला. पोटात काही न जाता होणारं व्यसन म्हणून त्या प्रकरणात आलेलं हे पहिलंच.

हे का, ते एका उदाहरणाने सांगते. पार्किन्सनच्या रुग्णांना मेंदूतल्या डोपामीन या रसायनासारखं काम करणारी काही औषधं देतात, प्रामिपेक्सोल त्यातलं एक. उभ्या जन्मात पत्त्याला हात न लावलेले सत्तरीचे गृहस्थ हे औषध सुरू झाल्यावर जुगार खेळू लागतात आणि औषध कमी केलं की बहुधा थांबतात. सगळ्यांचं होत नाही, पण होतं, आणि आम्ही नातेवाइकांना तशी आधीच सूचना देतो. चारित्र्य गोळीबरोबर बदलत नसावं.

दुसरं म्हणजे 'थोडक्यात हुकलं'. दोन चेरी आल्या, तिसरी एक घर वर थांबली. गणिताने ती पूर्ण हार आहे. पण २००९ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी मेंदूचं स्कॅनिंग करून पाहिलं तेव्हा, जिंकल्यावर जे भाग जागे होतात त्यातलेच काही अशा हुकण्यानेही जागे झाले. लोकांना तो डाव आवडला नाही, तरी पुढचा खेळायची इच्छा वाढली. मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या प्रयोगातल्या कबुतरांचंही हेच होतं. दाणा चोचीचे ठरावीक टोचे मारल्यावर मिळाला तर पक्षी मधे विसावा घेतो. कधी मिळेल याचा नेम नसला की टोचत राहतो.

लॅन्सेट पब्लिक हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये अंदाज मांडला की जगात सुमारे ८ कोटी प्रौढ या आजाराने किंवा त्याच्या जवळपासच्या त्रासाने ग्रासलेत. ऑनलाइन कॅसिनो-स्लॉट खेळणाऱ्या प्रौढांत आजाराचं प्रमाण १५.८ टक्के असू शकतं, आणि खेळणाऱ्या किशोरवयीनांत २६.४. ही मुलं कायद्याने खेळूच नयेत अशा वयातली.

उंबरठा, एक काम आज करा. भावाला सरळ विचारा, मरणाचे विचार येतात का. विचारल्याने डोक्यात भरत नाहीत, ते घाबरू नका. कर्ज आणि लपवाछपवी एकत्र आली की या आजारात तो धोका खरा असतो, आणि माणूस वरून शांत दिसतो. होकार आला तर त्याला एकटं ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.


उंबरठा | सोमवार, रात्री ११:५५

विचारलं. "आला होता, एकदाच" म्हणाला. आम्ही उद्या जातोय. जास्त लिहीत नाही.


सोनचाफा | मंगळवार, दुपारी १:१०

उंबरठा, भाऊ बरे होवोत. मनकवडी, तुमचा प्रतिसाद वाचून लिहायचं धाडस करतेय.

आमच्याकडे नवरा. रात्रीचं सगळं रातकिडा यांच्यासारखंच, फक्त बाथरूमऐवजी गाडीत. यांचं म्हणणं, सगळं कर्ज एकदाच फेडलं की डोक्यावरचा ताण जाईल आणि खेळायची गरजच उरणार नाही. माझ्या नावावर ठेव आहे. मोडू का? नाही म्हटलं तर मी साथ देत नाही असं होतं. सासूबाईंचंही तेच मत.


रातकिडा | मंगळवार, दुपारी २:००

ताई, मोडू नका. माझ्यासाठी दोनदा मोडली गेली. पहिल्यांदा वडिलांची, दुसऱ्यांदा बायकोची. दोन्ही वेळा मी मनापासून रडलो, पाया पडलो, खोटं नव्हतं ते. पण कर्ज फिटलं की डोक्यात काय येतं सांगू? 'आता पाटी कोरी, आता परवडेल.' फिटलेलं कर्ज म्हणजे नवी लिमिट.

त्यांना खोटं ठरवू नका, ते बोलतायत तेव्हा त्यांना ते खरंच वाटतंय. देणेकऱ्यांशी हप्ते बांधून घ्या, पैसे परस्पर त्यांच्याकडे जाऊ द्या, यांच्या हातून नको. पगाराचं खातं काही काळ तुमच्या हातात. ठेवीचं पासवर्ड, ओटीपी येणारा नंबर, सगळं वेगळं करा, आजच. माझ्या बायकोने शेवटी हे केलं तेव्हा मी तिला काय काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही.

मला उपयोग झाला तो गॅम्बलर्स ॲनॉनिमसच्या बैठकींचा. १९५७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेली संस्था, आता ऑनलाइनही बसतात. पहिल्या बैठकीत मी कॅमेरा बंद ठेवून होतो. एक जण म्हणाला, मी बाथरूममध्ये खेळायचो. मी कॅमेरा सुरू केला.


मनकवडी | मंगळवार, रात्री ९:४०

रातकिडा, +१. सोनचाफा, थोडी भर. या आजारासाठी खास मंजूर झालेलं औषध नाही, त्यामुळे 'गोळी देऊन बरा करा' म्हणून कुणी आलं तर मला समजावत बसावं लागतं. सीबीटी या, विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाचा सगळ्यात जास्त आधार आहे. सोबत नैराश्य असेल तर त्यावर मात्र औषध लागतं. फोनवर जुगाराच्या साइट अडवणारं सॉफ्टवेअर बसवा, बँकेकडे असे व्यवहार रोखायची सोय असेल तर ती चालू करा. आणि तुम्ही स्वतः कुणाशी तरी बोला. ते ठीक झाले तरी तुम्हाला वर्षभर त्यांचा फोन वाजला की धस्स होणार आहे.


तिरकस | मंगळवार, रात्री १०:१५

पहिला प्रतिसाद जरा फटकळ झाला. दुरुस्त करायची सोय गेली आहे, म्हणून इथेच लिहितो.

मित्राला विचारलं. लिमिट लागलेली नाही. व्हीआयपी आहे म्हणाला, अभिमानाने.


गणितकाका | बुधवार, सकाळी ७:१५

अवांतर: १८ ऑगस्ट १९१३ ला माँटे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटवर लागोपाठ २६ वेळा काळा आला. पंधराव्या वेळेपासून लोक लाल लावायला तुटून पडले, 'आता लाल यायलाच हवा' म्हणून. गोळीला स्मरणशक्ती नसते. पण झुंबर यांचा प्रतिसाद वाचल्यावर दोन दिवस विचार करतोय, समोरच्या ॲपला असते.


उंबरठा | तीन आठवड्यांनी, शनिवार, सकाळी १०:०५

धागा वर काढतोय. अनेकांनी व्यनिमध्ये विचारलं, म्हणून.

डॉक्टरकडे चार वेळा जाऊन आलो. एक लोन ॲप फिटलं, दुसऱ्याचे हप्ते बांधले. साइटवर 'स्वतःला बाहेर ठेवा' असा पर्याय होता, सेटिंगमध्ये सहा पायऱ्या आत. सहा महिन्यांसाठी केलं. भरणा करायला एक पायरी होती, हे मोजल्याशिवाय राहवलं नाही. रात्री त्याचा फोन माझ्या उशाशी असतो.

काल १ वाजून १० मिनिटांनी वाजला. दुसऱ्याच कुठल्या तरी नावाची साइट, नंबर यांना कुणी दिला कोण जाणे. 'तुमची आठवण येतेय', आणि पुढे फ्री स्पिन. मी मेसेज पुसला आणि नंबर ब्लॉक केला. सकाळी मात्र त्याला सांगितलं, लपवाछपवी नको असं ठरलंय म्हणून. तो दात घासत होता. काही बोलला नाही. चूळ भरली, नळ बंद केला, आणि आरशातच बघत म्हणाला, "किती स्पिन होते?"


रातकिडा | शनिवार, सकाळी १०:३५

त्याने विचारलं हे चांगलं लक्षण आहे. मी विचारलं नसतं, तुम्ही अंघोळीला गेल्यावर शोधून काढलं असतं.